माधवीच्या स्लीपर

माधवी नोकरी सोडून बेंगळुरूला गेली, खुर्चीत बसून करायच्या कामाला. वॉर्डात घालायच्या तिच्या निळ्या स्लीपर तेवढ्या दारातल्या रॅकमध्ये राहिल्या. तिच्या जागी कुणी आलंच नाही. तिचे पेशंटही माझ्याच गळ्यात पडले. मी जळत होते तिच्यावर.

आज दुपारी वॉर्डातल्या बेळगुंदीच्या अंबूबाईंना इंजेक्शन द्यायला गेले, तर दंडावर ताजा कापूस.

"माधवी आत्ताच देऊन गेली," अंबूबाई म्हणाल्या. "तिचा हात लई हलका. तुझा टोचतोय गं."

गेलेल्या बाईचं कौतुक अजून संपेना. मी तणतणत दाराशी आले. तिच्या स्लीपर रॅकमध्येच होत्या. हात लावला, तर आतून कोमट.

मी तिला फोन लावला. "अजून इथं येतीस व्हय गं?"

"खुळी हाईस काय? बेंगळुरात हाय मी." मग तिचा आवाज उतरला. "पर मंजू, दिवसभर बसूनच असते, तरी संध्याकाळी पाय सुजतात बघ. ड्युटी केल्यागत."

तरी मला तिचा हेवाच वाटला. पाय सुजले तरी बसून सुजत होते.

मी तडक मेट्रनकडे गेले आणि राजीनामा दिला. माझ्या स्लीपर काढून तिच्या स्लीपरशेजारी ठेवल्या, घरच्या चपला घातल्या आणि जिना उतरू लागले. कितीतरी दिवसांनी अंग हलकं वाटत होतं.

वरून, वॉर्डातून, अंबूबाईंचा आवाज आला.

"आलीस व्हय मंजुश्री? आज तुझा बी हात हलका लागतोय गं."