दोनच किल्ल्या

"ऐकलंस?" जिन्याच्या चौकात उभे राहून कुलूपवाले लेकीला म्हणाले. "खट् नाही वाजलं. टक् वाजलं. असं वाजायला तीस वर्षं घासावं लागतं."

लेकीनं ऐकलं. मग तिनं बाबांचे रिकामे हात बघितले, आणि स्वतःचेही.

"बाबा, किल्ल्या?"

दोन्ही किल्ल्या आत टेबलावर होत्या. गॅसवर दूध होतं. दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप. ते बाहेरून ऐकायचं असतं, हा कुलूपवाल्यांचा नियम. लेकीलाही ऐकवायचं म्हणून तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं. एरवी एवढा हुशार माणूस, पण स्वतःचं कुलूप हातात आलं की अक्कल गहाण.

हे कुलूप त्यांनी खास या शहरासाठी घडवलं होतं. शहराचं नाव काढलं की त्यांच्या गावात लोक आधी खिसे चाचपतात. लेकीला इथं कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी ठरलं, की लेक महिनाभर राहील, मग बाबांनी जाऊन डोळ्यांनी बघायचं. पटलं तर ठीक, नाहीतर लेकीला घेऊनच परतायचं. उद्या सकाळच्या गाडीची तिकिटं दोन काढलेली होती.

पंचाईत अशी, की कुलूपवाल्यांना इथं मजा येत होती. पहिल्या दिवशी ते पाकीट मोज्यात कोंबून बसमध्ये चढले. पाकीट टोचत होतं म्हणून लंगडत होते, तर एका दांडगट माणसानं उठून जागा दिली, वर गुडघ्याला लावायचं तेल सांगितलं. दुसऱ्या दिवशी छत्री दुकानात विसरली. दुकानदार भर बाजारात "ओ, छत्रीवाले!" करत मागे धावला. काल नदीकाठच्या बाकावर चक्क डुलकी लागली. जागे झाले तर बूट जागच्या जागी. बायकोला फोनवर यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती. आज मात्र त्यांनी आपणहून जुनं कुलूप काढलं आणि नवं बसवायला घेतलं. कुलूप बसतंय म्हणजे आपण राहतोय, असं लेकीनं धरलं आणि ती दिवसभर गुणगुणत होती.

आत फोन वाजायला लागला.

"आई असणार," लेक म्हणाली. "पाच वाजले."

"उचलला नाही तर आपल्याला कुणीतरी कापलं असंच धरेल ती."

"बाबा, दूध! उघडा ना तुम्ही."

"माझं कुलूप? छे! हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही," ते तोऱ्यात म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात समोरच्या मावशी दारात आल्या. दोघांकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आत गेल्या आणि पाण्याची रिकामी बाटली आणि कात्री घेऊन आल्या. बाटलीची दोन बोटं रुंद पट्टी कापली. दार आणि चौकट यांच्यामधून ती सरकवली, जराशी वाकवली, खांद्यानं दार रेटलं. दार उघडलं. लेक धावत जाऊन गॅस बंद करून आली. दूध अजून काठापर्यंतही आलं नव्हतं.

"कुलूप झकास आहे हो," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही दार बघितलं नाहीत. लाकूड आक्रसलंय. ही एवढी फट आहे."

लेकीच्या तोंडावरचा रंग उडाला. आधीच शहर बदनाम, त्यात शेजारीण अशी, की तीस वर्षं मुरलेल्या हातानं घडवलेलं कुलूप अर्ध्या मिनिटात उघडते. उद्याचं दुसरं तिकीट तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

"बाबा, मावशी तसल्या नाहीत हं," ती घाईघाईनं म्हणाली. "मला ताप आला होता तेव्हा यांनीच—"

"थांब गं."

कुलूपवाले आत गेले. दोन्ही किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. बाहेर आले, दार पुन्हा ओढून घेतलं. टक्.

"परत दाखवा," ते मावशींना म्हणाले.

मावशींनी परत दाखवलं. कुलूपवाले गुडघ्यावर बसून, चौकटीला गाल लावून बघत होते.

"कुठं शिकलात हे?"

"पाच मजल्यांची इमारत आहे. किल्ली आत ठेवून बाहेर येणारे तुम्ही काही पहिले नाही."

फोन पुन्हा वाजला. या वेळी कुलूपवाल्यांनी उचलला.

"अहो, धडधाकट आहात ना? कसले लोक आहेत हो तिथले?" बायकोचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

"हात फार चांगला आहे त्यांचा."

"म्हणजे? चोर?"

"मी उद्या एकटाच येतोय. एक तिकीट परत करतो, दुसरं रात्रीच्या गाडीचं करून घेतो. आणि ऐक, चौकटीचं काम करून निघणार, तेव्हा उशीर होईल."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला. ती नुसतीच हसत होती.

कुलूपवाल्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या. एक लेकीच्या टेबलावर ठेवली. दुसरी, गावी न्यायची म्हणून घडवलेली, घेऊन ते मावशींच्या दारात गेले.

"फट मी बुजवतोय," ते म्हणाले. "म्हणजे आता बाटलीनं उघडायचं नाही. ही असू दे तुमच्याकडे."

मावशींनी दाराआडच्या खिळ्याकडे हात नेला. तिथं सात-आठ किल्ल्या लटकत होत्या. त्यातली एक काढून त्यांनी कुलूपवाल्यांच्या तळहातावर ठेवली. लेकीच्या जुन्या कुलपाची.

"मग ही घेऊन जा," मावशी म्हणाल्या, आणि नवी तिच्या जागी अडकवली.