भिंतीतली ठकठक

"चार्टर तयार करणे, मग नियोजन…"

ठक ठक!

झालं सुरू! नकाशेवाल्या बाईंनी भिंतीकडे बघून डोळे वटारले आणि आवाज खाली आणला. गेले चार महिने रोज संध्याकाळी हेच. त्या पाठांतराला बसायच्या आणि दोन शब्द होत नाहीत तोच पलीकडून ठोकणं. तिथं कोण राहतं, देव जाणे. ते दार त्यांनी कधी उघडं पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर कधी वाजवलंही नव्हतं.

उद्या प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा. चार्टरपासून, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीपत्रापासून, शेवटापर्यंत एकोणपन्नास प्रक्रिया, त्याही क्रमानं तोंडपाठ हव्यात! कपाटावर चिठ्ठ्या, फ्रीजवर चिठ्ठ्या, आरशावरसुद्धा. चेहरा बघायला जागा उरली नव्हती. नाहीतरी कुणाला दाखवायचा होता? दोनदा नापास झाल्या होत्या. ही शेवटची संधी. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. पास झाल्या तर पहिल्यांदाच एक अख्खी इमारत त्यांच्या हाती येणार होती.

पुस्तकातला एक सराव तेवढा अर्धवट होता. 'तुमची परीक्षा हाच प्रकल्प समजा. तिच्याशी संबंध असलेल्या सगळ्यांची यादी करा.' यादीत एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं. खाली बहिणीचं लिहिलं होतं. पण तिनं फोनवर तिसऱ्यांदा "कसली गं परीक्षा?" विचारलं, तेव्हा खोडून टाकलं.

असो. पुन्हा पहिल्यापासून.

"चार्टर तयार करणे, मग नियोजन…"

ठक ठक ठक!

बाईंचं डोकंच फिरलं. "अहो, उद्या परीक्षा आहे माझी! आजचा दिवस सहन करा. उद्यापासून अगदी चिडीचूप!"

मग भिंतीपलीकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"अगं बये, आवाजाचं कोण बोलतंय? चुकतेस तू! चार्टरनंतर संबंधित माणसं ओळखायची. पुस्तकात बघून वाचायचीस तेव्हा बरोबर म्हणायचीस, आता रोज गाळतेस. ठोकून ठोकून माझी काठी झिजली! आणि चिडीचूप कशाला? मग संध्याकाळी मी ऐकू काय?"

बाईंनी पुस्तक उघडलं. क्रमांक दोन: संबंधित माणसं ओळखणे.

खरंच की!

त्यांनी यादी पुढ्यात ओढली. खोडलेल्या नावाखाली पेन टेकवलं आणि थांबल्या. पहिलाच रकाना नावाचा होता.

त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि शेजारच्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

ठक ठक.