खोडायची नावं

गावाबाहेर नवी वस्ती बसवायची होती. घरात माणसं जितकी तेवढी मोठी जागा द्यायची, म्हणून नगरपालिकेने घरोघर विचारून यादी करायला सांगितलं. कारकून वामनरावांनी ती केली, पण साहेबांनी शेरा मारून परत पाठवली : लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी मोजल्या आहेत, नावं खोडा.

वामनराव वही घेऊन आधी शेषरावांकडे गेले.

"शेषराव, मनकर्णावैनी वारल्यावर तुमी एकटेच. मंग दोन माणसं काऊन सांगितली?"

"मी अन् मायी कोकिळा."

"कोकिळा तं मोताळ्याले नांदते. दिवाळीच्या चार दिवसासाठी खोली बांधाची का?"

"चार दिवस तिले ओट्यावर झोपवू का मंग?"

"साहेबाचा हुकूम हाय हो. खोडा लागते."

"खोडा ना, मी कुठी नाही म्हनतो? पन आदी तुमच्या घरची चंद्रभागा खोडा. उंद्रीले देऊन सात वर्सं झाली तिले."

वामनरावांनी वही मिटली आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना लेखी कळवलं : "घरोघर फिरून पुन्हा खात्री केली. यादीत एकही माणूस जास्तीचं नाही."