गुडघ्यांचा शेक

भागीरथा आजीच्या तेरवीला आदिलाबादची बस बेला गावात थेट घरासमोर थांबली आणि तीसेक अनोळखी बायका डोळे पुसत उतरल्या. नातू अनुप गोंधळला. तेलंगणात बायकांचं बसचं तिकीट माफ झाल्यापासून आजी रोज गुडघ्यांना शेक घ्यायला आदिलाबादच्या दवाखान्यात जायची, आणि परतल्यावर तो तिचे पाय चोळून द्यायचा. “कायचा दवाखाना?” कंडक्टरबाई म्हणाली, “आजी कदी उतरल्याच नाई. खिडकीपाशी बसून जायच्या, तशाच वापस यायच्या.” “माह्या लेकीची सोयरीक बसमधीच जमवली तिनं,” एक बाई म्हणाली. “अन् माह्या भांडकुदळ सासूले रस्त्यातच उतरवून देल्लं!” दुसरीनं हुंदका दिला. “मंग मी कायले पाय चोळून राह्यलो व्हतो?” अनुप ओरडला आणि हसता हसता त्यालाच रडू फुटलं. जेवणं आटोपून बायका बसमध्ये चढल्या. मागोमाग अनुपही चढला. “कुठं उतरणार?” कंडक्टरबाईनं विचारलं. “कुठंच नाई.”