दुसरा ठोका

धाकटीच्या गिटारचा आवाज रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखा यायचा. म्हणून थोरलीने आपल्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात तारांचा आवाज पकडणारे जुने पिकअप काढून नवे बसवले. तिचा एक नियम होता: तारा चढवण्याआधी गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला, जोडायची आणि पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलका ठोका द्यायचा. अँपमधून 'टक' आलं, की जोडणी पक्की.

तिने ठोका दिला. टक. मागोमाग आणखी एक, जरा हळू. टक.

"तू काही वाजवलंस?"

"मी कशाला? मी तारा सोडवतेय," धाकटी म्हणाली.

थोरलीने सगळ्या वायरींचे सोल्डरचे डाग उकलून पुन्हा दिले. या वेळी तिच्या एका ठोक्याला दोन्ही आवाज एकदमच आले.

"ताई, असू दे ना. संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा."

"असू दे काय? माझ्या हातून असलं काम बाहेर जात नाही."

हट्टाला पेटून तिने वायर बदलली, पिकअप बदलले, अँपसुद्धा दुसरा आणला. स्क्रूड्रायव्हर उचलला. तो पिकअपपासून वीतभर लांब असतानाच अँपमधून आलं: टक.

धाकटीच्या हातातली तार गळून पडली.

"थांब. आता मी ठोका देतच नाही," थोरली दात आवळून म्हणाली. "बघतेच कसं वाजतंय ते." तिने स्क्रूड्रायव्हर मुठीत घट्ट धरला, हात हवेतच थांबवला. दोघी अँपकडे बघत राहिल्या.

टक.

आणि थोरलीच्या डोळ्यांदेखत तिचा हात निमूटपणे खाली गेला आणि त्याने ठोका दिला.