तंकमणीचं एक वाक्य

"विलासिनी, तू तिकडं खांबापाशी उभी राहा," वाचनालय समितीचे गोपिनाथन माष, म्हणजे मास्तर, माइकवरून म्हणाले. "तिला एकटीलाच लिहू दे."

वाचनालयाच्या सभागृहात दीडशे माणसं बसली होती. चहा आणि केळ्याची भजी थांबवून ठेवली होती. तंकमणीच्या कादंबरीला वाचनालयाचं पारितोषिक जाहीर झालं, त्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू होती. गावात वाचणारे पुष्कळ, म्हणून शंका काढणारेही पुष्कळ. जिची मान सरळ राहत नाही, जिचं बोलणं धाकट्या बहिणीशिवाय कुणाला कळत नाही, ती तीनशे पानं कशी लिहील? लिहिणारी ती बहीण, विलासिनीच, असं चहाच्या टपरीवर ठरूनही गेलं होतं. विलासिनीनं शपथा घेतल्या, तेव्हा संशय आणखी वाढला. शेवटी समितीनं तोडगा काढला. तंकमणीनं सर्वांसमोर एक वाक्य लिहून दाखवावं, नाहीतर पारितोषिक विसरावं. हेही माषनी समजावून सांगितलं ते विलासिनीला. शेहेचाळीस वर्षांच्या तंकमणीशी थेट कुणी बोलतच नसे.

आधी तयार करून आणलेलं काही चालू नये म्हणून विषय माषनीच दिला. बहिणीबद्दल लिही, म्हणाले. तसा विषय सोपा होता. थोरलीला सांभाळायचं म्हणून विलासिनीनं लग्नावर पाणी सोडलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

खुर्चीला जोडलेल्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळू लागल्या. हवी ती ओळ आली की तंकमणी गालाजवळचं बटण दाबायची, मग त्या ओळीतलं अक्षर निवडायची. मल्याळम अक्षरं काही थोडीथोडकी नाहीत. मध्येच मानेला झटका बसे, भलतंच अक्षर उमटे. ती ते पुसून पुन्हा लिही. लोक आधी खाकरले, चुळबुळले, मग गप्प झाले. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. ती पुसायला विलासिनी पुढे निघाली, तर माषनी हात आडवा केला. पुष्कळांना ते पाहवलं नाही. पण उठून कुणी काही बोललं नाही.

अठ्ठावीस मिनिटांनी तंकमणीनं मान मागे टेकली.

माषनी वाकून पडदा वाचला. पुन्हा वाचला. माणूस हट्टी होता, दुष्ट नव्हता. वाक्य फार सुंदर आहे, बहिणीचे आभार मानलेत, परीक्षा संपली, असं त्यांनी घाईघाईनं जाहीर केलं.

"आभार काय, विलासिनीनं घरूनच यंत्रात भरून आणले असतील," टपरीवाला वर्की मागून म्हणाला. दोनचार जण हसले.

तंकमणीच्या घशातून मोठा आवाज निघाला. पुन्हा निघाला. ती काय म्हणतेय ते दीडशे माणसांत एकीलाच कळलं. माष खोटं बोलले, असं ती म्हणत होती.

विलासिनी खांबापासून निघाली आणि पडद्यासमोर येऊन उभी राहिली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. माष हळूच तिला म्हणाले की जाऊ दे, पारितोषिक आपण देऊन टाकू. तिनं त्यांच्या हातातला माइक घेतला.

"'माझ्यासाठी विलासिनी लग्नावाचून राहिली असं गाव म्हणतं,'" तिनं वाचलं. "'खरं तर तिला लग्नाची भीती वाटायची, आणि पंचवीस वर्षं ती माझ्या खुर्चीमागे लपून राहिली आहे.'"

विलासिनीनं बहिणीकडे पाहिलं. तंकमणी रडत होती, पण तिनं नजर वळवली नाही.

"खरं आहे, चेची," विलासिनी थोरल्या बहिणीला म्हणाली. मग लोकांकडे तोंड करून तिनं माइक जवळ धरला.

"हे मी लिहिलेलं नाही."