बूस्टर

"आलं का?" गच्चीच्या कठड्यावरून वाकून तो ओरडला.

"नाही. मुंग्याच आहेत!" खालच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला.

त्याने पाना आपटला. सकाळपासून टीव्हीने डोकं उठवलं होतं. अँटेनाच्या खांबावर त्याने परवाच सिग्नल वाढवणारा नवा बूस्टर बसवला होता. दुकानदार म्हणाला होता, लावा आणि विसरून जा. विसरून जा म्हणे!

"टीव्हीमागच्या डबीवर लाल दिवा लागलाय?"

"लागलाय."

म्हणजे बूस्टरला वीज मिळत होती. गोम वायरमध्येच असणार. त्याने तिचं टोक उघडलं. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. तेवढा तुकडा कापून त्याने नवं टोक सोललं आणि घट्ट आवळलं.

"आता?"

तो कान देऊन पुन्हा कठड्यावरून वाकला.

"अगं, झोपलीस का?"

"नाही आलं!"

शेजारीण कपडे वाळत घालत होती. "काका, सिग्नलचा जोर जास्त झाला तरी चित्र फाटतं म्हणे. तो स्क्रू जरा उलटा फिरवून बघा." मग सहज विचारावं तसं म्हणाली, "आणि मुलगी काय म्हणते?"

"कोण मुलगी? मला मुलगी नाही."

स्क्रूड्रायव्हर सटकून बोट सोलवटलं. शेजारणीने बादली उचलली.

चार लोकांत तोंड रंगवून मिरवायचं असेल, तर पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस, असं त्याने मुलीला दारात उभं राहून सुनावलं होतं. ती बॅग उचलून गेली. भिंतीवरचा तिचा फोटोही त्याने स्वतःच उतरवला. बायकोने तेव्हा चकार शब्द काढला नव्हता.

त्याने अँटेना डावीकडे वळवला. "आता?"

"नाही!"

उजवीकडे वळवला. "आता?"

"नाही म्हणतेय ना! सारखं काय आता, आता?"

इतक्या वर्षांच्या संसारात ती अशी कधी खेकसली नव्हती. मग त्याचं टाळकंच सटकलं. "एका कामाची नाहीस तू! तिकडे बातम्या संपतील!"

"संपू देत!"

"थांब, मीच येतो खाली!"

"नको!" ती जवळजवळ किंचाळली. "अजून थोडं... थोडंसं फिरवा."

शिव्या घालत त्याने पुन्हा खांब धरला.

खाली टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. पडद्यावर एकही मुंगी नव्हती. निळा कोट घातलेली, केस मागे बांधलेली त्यांची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा बातम्या देत होती. आई तिचे हलणारे ओठ डोळ्यांत साठवत होती. मुलीने कागद जुळवले, हसून किंचित मान झुकवली. आईने डोळे कोरडे केले, चॅनेल बदलला, आवाज वाढवला आणि खिडकीशी जाऊन ओरडली, "अहो, या खाली! आलं एकदाचं!"